कंपनीनं कोच दिलाय, पण बाई नुसते प्रश्नच विचारतात!

भोसरीकर_४१ | गुरुवार, रात्री ११.२०

नमस्कार मंडळी. तीन वर्षं इथं नुसता वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढतोय. चुकलं तर सांभाळून घ्या.

भोसरी एमआयडीसीत गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत आहे. डिप्लोमा करून ट्रेनी म्हणून लागलो, नोकरी सांभाळून डिग्री केली आणि १९ वर्षांनी या एप्रिलमध्ये ऑपरेशन्स हेड झालो. हाताखाली सात मॅनेजर. त्यातले दोघं परवापरवापर्यंत माझ्या वरचे होते, एकाला तर मी आजही चुकून 'सर' म्हणतो.

मागच्या महिन्यात एचआरनं बोलावून सांगितलं, तुमच्यासाठी लीडरशिप कोच ठरवलाय, सहा महिने, आठ सेशन. मी हो म्हणालो. नाही म्हणायची सोय असते का अशा वेळी?

मंगळवारी पहिलं सेशन झालं, बाणेरला. बाई चांगल्या आहेत, बोलणं शांत. पण सत्तर मिनिटं त्या फक्त विचारत होत्या. मी टीमचं सांगितलं, डिस्पॅचचं सांगितलं, रात्री अकराला येणारे फोन सांगितले. शेवटी मीच म्हणालो, "मॅडम, मग आता मी काय करू?" तर म्हणाल्या, "तुम्हाला काय करावंसं वाटतं?" अहो, ते माहीत असतं तर भोसरीहून बाणेरला कशाला आलो असतो, तेही संध्याकाळी साडेसहाला, त्या ट्रॅफिकमधून!

तर प्रश्न असे. हे असंच असतं का, की आमच्या बाई नवख्या आहेत? मी तिथं जे बोलतो ते एमडी साहेबांच्या कानावर जातं का? कोच देणं म्हणजे 'तुमचं काही खरं नाही' याची पहिली पायरी तर नाही ना? आणि शेवटचा घरचा. मुलगी अकरावी सायन्सला आहे, क्लास लावलाय, पण हल्ली घुम्यासारखी असते. बायको म्हणते, मॅडम मुलांनाही शिकवत असतील तर विचारा की. विचारू का?

---

नारायणपेठी_आजोबा | शुक्रवार, सकाळी ६.०५

आमच्या वेळी याला मित्र म्हणत. दोन कटिंग चहा आणि एक क्रीमरोल एवढी फी. तोही प्रश्नच विचारायचा, पण निदान शेवटी "तू गाढव आहेस" असा निर्णय तरी द्यायचा.

---

मगरपट्टा_मावशी | शुक्रवार, सकाळी ९.४०

आजोबा, तुमचा मित्र तुमच्या साहेबाच्या खर्चानं येत नव्हता, हा फरक आहे.

भोसरीकर, घाबरू नका. मला दोन वर्षांपूर्वी कंपनीनं कोच दिला होता, मीही पहिला आठवडाभर हाच विचार केला की आता आपला नारळ तयार झालाय. नंतर कळलं, त्या वर्षी बढती मिळालेल्या सगळ्यांनाच दिला होता. ज्याला काढायचंय त्याच्यावर कंपन्या सहा महिने पैसे घालत बसत नाहीत. (घालणाऱ्याही असतात म्हणे. माझ्या पाहण्यात नाहीत.)

माझा अनुभव अर्धा चांगला, अर्धा वाया. पहिल्या कोचशी माझं जमलंच नाही. गृहस्थ प्रत्येक वाक्याला "ऑसम" म्हणायचे. मी एचआरला सरळ सांगून बदलून घेतला. बदलून मिळतो, हे कुणी आपणहून सांगत नाही, म्हणून इथं सांगतेय.

---

गेज_आणि_गप्पा | शुक्रवार, रात्री १०.१५

भोसरीकर, मी हेच काम करते. म्हणजे तुमच्या त्या बाई मी नव्हे, पण असू शकले असते. पिंपरीत १५ वर्षं क्वालिटीत होते, व्हर्निअर आणि गेजशी संसार केला, आणि आता नऊ वर्षं माणसांशी बोलते. सकाळी कंपन्यांचे साहेब लोक, शनिवारी विद्यार्थी. त्यामुळे जरा लांबड लागेल, चहा घेऊन बसा.

आधी शब्दाचा घोळ. पुण्यात 'कोचिंग' म्हटलं की क्लास. माझी आत्या अजून विचारते, "कुठल्या विषयाचं घेतेस गं?" गंमत म्हणजे आत्या अगदीच चूक नाही. हंगेरीत कोच नावाचं गाव आहे, तिथं बनणाऱ्या घोडागाडीला त्या गावाचं नाव पडलं. मग १८३० च्या सुमारास ऑक्सफर्डची पोरं परीक्षेतून पार नेणाऱ्या खासगी शिक्षकाला थट्टेनं 'कोच' म्हणायला लागली, म्हणजे पैलतीराला पोचवणारी गाडी. खेळातला कोच त्यानंतरचा. तुमच्या कंपनीत आलाय तो मात्र टेनिस कोर्टावरून आलाय.

कॅलिफोर्नियात टिमथी गॅलवे नावाचा टेनिसचा शिक्षक होता. १९७० च्या दशकात त्याच्या लक्षात आलं की आपण जितकं "मनगट असं धर, खांदा तसा फिरव" सांगतो, तितका माणूस लाकडासारखा होतो. मग त्यानं सांगणं कमी केलं. शिकणाऱ्याला एवढंच करायला लावलं: चेंडूचा टप्पा पडला की तोंडानं म्हणायचं 'टप्पा', रॅकेटला लागला की म्हणायचं 'फटका'. डोकं त्यात गुंतलं की स्वतःला दिलेल्या शिव्या थांबायच्या आणि हात आपोआप सुधारायचा. तो विचार ब्रिटनमध्ये नेऊन ऑफिसांत रुजवणाऱ्यांपैकी एक जॉन व्हिटमोर, मूळचा रेसिंग ड्रायव्हर, १९६५ मध्ये युरोपातली टूरिंग कारची स्पर्धा जिंकलेला. 'ग्रो' नावाची चार पायऱ्यांची पद्धत त्याच्या आणि त्याच्या सहकाऱ्यांच्या कामातून प्रसिद्ध झाली: काय हवंय, सध्या काय आहे, काय काय करता येईल, आणि त्यातलं नक्की काय करणार. तुमच्या बाईंनी तुम्हाला बहुतेक दुसऱ्या पायरीवर सत्तर मिनिटं बसवलं. पहिल्या भेटीत तसं होतं. तुम्हाला थेट चौथीवर उडी हवी होती. प्रॉडक्शनच्या माणसाला हवीच असते, त्यात तुमचा दोष नाही.

आता माझी फजिती सांगते. सुरुवातीला एक साहेब आले, त्यांची अडचण अशी की सुपरवायझर रिजेक्शन, म्हणजे तपासणीत नापास झालेला माल, लपवतात. अहो, रिजेक्शन म्हणजे माझं माहेर! वीस मिनिटांत त्यांना सगळं आखून दिलं. लाल डबे कुठे ठेवायचे, रोजचा तक्ता कसा लावायचा, कोणी सही करायची. ते खूश, मी खूश. पुढच्या भेटीला विचारलं, काय केलंत? काही नाही. त्यापुढच्या भेटीलाही काही नाही. माझ्या शिकवणाऱ्या बाईंनी त्या भेटीचं रेकॉर्डिंग ऐकलं (साहेबांची परवानगी घेऊन) आणि एकच काम दिलं: घड्याळ घेऊन बस आणि तू किती बोललीस ते मोज. साठात अडतीस मिनिटं मी! मोजमापाची मला सवय होती, स्वतःच्या तोंडाचं कधी केलं नव्हतं.

तिसऱ्या भेटीत गप्प बसले तेव्हा कुठे खरी गोष्ट बाहेर आली. मागच्या वर्षी एका सुपरवायझरनं खरा आकडा लिहिला होता आणि याच साहेबांनी त्याला सगळ्यांसमोर झापलं होतं. लाल डब्यानं त्यावर काय होणार होतं?

दुसरी गोष्ट शिकले ती 'का' या शब्दाबद्दल. भोसरीत तुम्ही 'पाच वेळा का' करत असालच, टोयोटाकडून आलेली पद्धत. शाफ्ट का तुटला, बेअरिंग का जाम झालं, तेल का पोचलं नाही. शाफ्टला वाईट वाटत नाही. माणसाला मात्र "तू मीटिंगमध्ये का बोलला नाहीस?" विचारलं की तो उत्तर देत नाही, बचाव करतो. आपल्याकडे घरात, शाळेत, पोलीस चौकीत 'का' म्हणजे जाब. म्हणून मी 'का'च्या जागी 'काय' आणि 'कसं' आणते. "त्या क्षणी डोक्यात काय चाललं होतं?" असं विचारलं की तोच माणूस छताकडे बघतो आणि मग खरं बोलतो. छताकडे बघत असताना मी मनात दहा अंक मोजते आणि तोंड बंद ठेवते. या कामातलं सगळ्यात अवघड कसब हेच आहे.

एमडींच्या कानावर जातं का, हा तुमचा प्रश्न सगळ्यात रास्त, आणि तो पहिल्याच भेटीत बाईंनी स्वतःहून सोडवायला हवा होता. नीट पद्धत अशी: सुरुवातीला तुम्ही, तुमचे साहेब आणि कोच असे तिघं एकत्र बसता. सहा महिन्यांनी काय बदललेलं दिसायला हवं ते साहेबांनी तुमच्या तोंडावर सांगायचं. मागे नाही. त्यानंतर साहेबांना एवढंच कळतं की किती भेटी झाल्या आणि काम त्या उद्दिष्टावर चालू आहे. आतलं बोलणं आत. अपवाद दोनच, जिवाला धोका किंवा कायद्याची बाब. बाकी काही सांगायचं तर तुम्ही स्वतः सांगायचं. मी हे कागदावर लिहून तिघांच्या सह्या घेते. तुमच्याकडे असा कागद नसेल तर पुढच्या भेटीची सुरुवात त्यानंच करा. "लिहून देता का?" एवढंच विचारा, चेहऱ्यावरून बरंच कळेल.

नवख्या आहेत का? ओळखायचं एक साधन आहे, तेही अर्धवट. आपल्याकडे या कामाला कुठला सरकारी परवाना लागत नाही. उद्या आजोबांनी पाटी लावली तरी चालेल. म्हणून लोक बाहेरच्या संस्थांची मान्यता घेतात. १९९५ मध्ये अमेरिकेत सुरू झालेली इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशन ही त्यातली मोठी. तिच्या पहिल्या पातळीला ६० तासांचं प्रशिक्षण आणि १०० तासांचा अनुभव लागतो, दुसरीला १२५ आणि ५००, सर्वात वरच्या पातळीला २०० आणि २,५००. वीकेंडच्या दोन दिवसांच्या शिबिरातून 'मास्टर कोच' होऊन आलेले भेटले तर हे आकडे आठवा. अर्थात ५०० तास भरलेले कंटाळवाणे लोकही मी पाहिलेत.

आणि "मग मी काय करू" याला उत्तर मिळत नाही, हेही पूर्ण खरं नाही. सेशनमधून काहीतरी छोटा प्रयोग हातात घेऊनच उठायचं असतं. चाकणचे एक प्लँट हेड होते (ओळख लागू नये म्हणून तपशील फिरवलेत). सकाळी साडेसातच्या मीटिंगला सगळे यांच्या तोंडाकडे बघायचे. मशीन बंद, काय करू? माल आला नाही, काय करू? हे फटाफट उत्तरं द्यायचे आणि मग म्हणायचे, माझ्या माणसांना डोकंच नाही. त्यांनी स्वतः ठरवलं की खिशात छोटी डायरी ठेवायची आणि आपण उत्तर दिलं की एक रेघ मारायची. थांबायचं नाही, फक्त मोजायचं. पहिल्या दिवशी २३ रेघा. दुसऱ्या आठवड्यात उत्तराआधी "तुझा काय विचार?" एवढं विचारायला लागले, रेघा नवावर आल्या. आणि झालं काय, तर फ्लोअरवर बातमी फिरली की साहेब चिडलेत, बोलत नाहीत, बहुतेक राजीनामा देणार! शेवटी त्यांना मीटिंगमध्ये उभं राहून सांगावं लागलं की बाबांनो, मी रागावलेलो नाही, मी शिकतोय. मला विचाराल तर त्यांचं खरं काम तिथून सुरू झालं, रेघांपासून नाही. एका सुपरवायझरला हे मानवलं नाही, तो दुसरीकडे गेला. बाकीचे रुळले.

मुलीबद्दल उद्या लिहिते, डोळे मिटायला लागलेत.

---

अभ्यासिका_बाक_१७ | शनिवार, दुपारी १.३०

मॅडम, वाचून बरं वाटलं आणि थोडा रागही आला. हे सगळं ज्यांच्याकडे आधीच केबिन आहे त्यांच्यासाठी. मी परभणीचा. सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहतो, राज्यसेवा करतोय, चौथं वर्ष. आम्हाला 'मार्गदर्शन' खूप मिळतं. दर रविवारी कुणीतरी अधिकारी सेमिनारला येऊन सांगतो, मी रोज चौदा तास अभ्यास केला. टाळ्या वाजवून आम्ही मेसला जातो. आम्ही कुणाला सांगायचं की चौदा तास बसतो पण त्यातले सहा तास त्याच पानावर असतो? घरी फोन केला तर विचारतात, यंदा होईल ना? तुम्ही म्हणता तसं 'का' नाही विचारत. 'कधी' विचारतात. ते जास्त वाईट.

---

गेज_आणि_गप्पा | शनिवार, रात्री ९.५०

बाक १७, राग रास्त आहे. साहेबांच्या एका तासाच्या पैशात माझे शनिवारचे तीन विद्यार्थी बसतात, तरीही तुमच्यासारख्याला ते परवडत नाही हे मला ठाऊक आहे. दोन-तीन जणांकडून मी घेत नाही. ही काही समाजसेवा नव्हे, त्यांच्याकडून मी शिकते जास्त.

तुमच्यासारखीच एक मुलगी यायची. मराठवाड्यातलीच, तिचाही तिसरा-चौथा प्रयत्न. मुख्य परीक्षा वर्णनात्मक होणार म्हणून २०२३ च्या सुरुवातीला पोरं रस्त्यावर उतरली होती ना, आणि मग तो बदल २०२५ वर गेला, त्या धामधुमीनंतरची गोष्ट. आली ती वेळापत्रक घेऊन, चार रंगांत आखलेलं. म्हणाली, यात सुधारणा सुचवा. मी वेळापत्रक बाजूला ठेवलं आणि विचारलं, काल प्रत्यक्षात काय झालं, तास-तास सांग. सांगता सांगता दुपारी दोन ते पाच या वेळेला आली आणि थांबली. म्हणाली, "त्या वेळात मी अभ्यासिकेत असते, कारण खोलीवर गेले तर रूममेटला दिसेल की मी बसत नाहीये." तीन तास रोज ती अभ्यास दिसावा म्हणून बसत होती.

मी तिला परीक्षा सोड म्हटलं नाही, दे म्हटलं नाही. तो अधिकार माझा नाही. मी विचारलं, "हे तू कुणाला कळू नये म्हणून करतेस?" त्यावर ती बराच वेळ खिडकीबाहेर बघत बसली. पुढच्या दोन भेटींत तिनं एक तारीख ठरवली, स्वतःची. त्या तारखेपर्यंत पूर्ण जोर, नंतर दुसरा रस्ता, आणि दुसऱ्या रस्त्याची चौकशी आत्ताच सुरू. वडिलांना ती तारीख फोनवर सांगायचा सराव आम्ही खुर्च्या समोरासमोर ठेवून केला. मी वडील झाले. पहिल्यांदा ती रडली, दुसऱ्यांदा भांडली, तिसऱ्यांदा सांगितलं. पुढे काय झालं ते तिचं तिच्यापाशी, इथं लिहिणार नाही.

साहेब आणि विद्यार्थी यांच्यात मला दिसणारा मोठा फरक असा. साहेबांना उत्तरं देण्याची सवय मोडायची असते. विद्यार्थ्याला आयुष्यात कुणी मोकळा प्रश्नच विचारलेला नसतो. "तुला काय हवंय?" म्हटलं की आधी तो माझ्या चेहऱ्यावर उत्तर शोधतो, पेपरमधल्या पर्यायांसारखं. म्हणून मुलांशी पहिल्या भेटीत मी एवढा मोठा प्रश्न विचारतच नाही. कालचा दिवस विचारते. कालच्या दिवसाचं चुकीचं उत्तर नसतं.

आणि मुलांशी मी टोपी बदलते. इंजिनीअर झाल्यावर गेटची परीक्षा द्यावी की नोकरी धरावी असं कुणी विचारलं, आणि त्याला गेटचे गुण किती वर्षं चालतात हेच माहीत नसेल (तीन), तर "तुला काय वाटतं" म्हणणं हा चावटपणा आहे. माहिती द्यायची. फक्त सांगून द्यायची: "आता मी कोच नाही, काकू म्हणून बोलतेय." मग टोपी परत उतरवायची. काही कोच सल्ला देणं म्हणजे विटाळ समजतात, मला ते पटत नाही.

एक गोष्ट मात्र गंभीरपणे. झोप उडालीय, जेवण जात नाही, कशातच मन नाही असं दोन-दोन आठवडे चाललं असेल, किंवा जगण्याचाच कंटाळा आल्याचे विचार येत असतील, तर ते कोचचं काम नाही. तिथं मानसोपचारतज्ज्ञ. मी अशा दोघांना हात जोडून पुढे पाठवलंय, एकाबरोबर स्वतः गेले. सरकारची टेलिमानस हेल्पलाइन आहे, १४४१६, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलता येतं. बाक १७, तुम्हाला उद्देशून म्हणत नाही. पण तुमच्या अभ्यासिकेच्या फळ्यावर हा नंबर लिहून ठेवा.

भोसरीकर, आता मुलगी. तुमच्या कोचबाईंना विचारू नका. त्या चांगल्या असतील तर स्वतःच नाही म्हणतील. तुम्ही त्यांच्याकडे ऑफिसचं बोलणार, बोलता बोलता घरचं बोलणार, आणि त्याच खुर्चीत शनिवारी मुलगी बसून वडिलांबद्दल बोलणार. दोघांचंही तोंड बंद होईल. कोच हवाच असेल तर वेगळा बघा. त्याआधी मुलीला विचारा, हवाय का. मी पालकांनी धरून आणलेली मुलं घेत नाही. एकदा घेतला होता. इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होता, दोन विषय राहिलेले. आई शेजारी बसून त्याची सगळी उत्तरं देत होती. मी विचारलं, "तुला सकाळी उठल्यावर कसं वाटतं?" आई म्हणाली, "उठतोच कुठे!" आता पालकांना मी पहिली दहा मिनिटं देते आणि मग बाहेरच्या बाकावर बसवते. मुलगा काय बोलला ते विचारायचं नाही, हेही त्यांच्याकडून लिहून घेते. फी भरणाऱ्याला हे पचत नाही. अर्धे तिथंच परत जातात.

---

नारायणपेठी_आजोबा | रविवार, सकाळी ५.५५

पाटी लावायचा विचार करतो आहे. 'येथे प्रश्न विचारले जातील. उत्तरे सोबत आणावीत. वेळ १ ते ४ बंद.'

भोसरीकर, गंमत सोडून एक सांगतो. मुलगी घुमी आहे की तिला सायन्स नको आहे, हे दोन निराळे आजार. दुसऱ्याची शंका असेल तर नीट कलचाचणी करून घ्या, कुठल्या तरी ॲपवरची नको. ज्ञान प्रबोधिनी आमच्या शेजारच्या पेठेत १९६२ पासून आहे. संस्थापक अप्पा पेंडसे स्वतः मानसशास्त्राचे. मुलांची बुद्धी मोजायची, घडवायची आणि त्यातून पुढारपण करणारी माणसं काढायची, हा उद्योग त्यांनी सुरू केला तेव्हा 'लीडरशिप' हा शब्द पेठेत कुणी उच्चारत नसे. माझा धाकटा तिथून चाचणी करून आला होता. निकाल वाचून आम्हाला जरा धक्का बसला. त्याला बसला नाही. त्याला आधीच माहीत होतं.

---

भोसरीकर_४१ | पुढचा बुधवार, रात्री ११.४५

सगळ्यांचे आभार. मॅडम, तुमची दोन्ही उत्तरं प्रिंट काढून बॅगेत ठेवलीत. बायको हसली.

काल दुसरं सेशन होतं. बसल्या बसल्या म्हटलं, गुप्ततेचं लिहून देता का. बाई म्हणाल्या, "मी पहिल्या दिवशीच द्यायला हवं होतं, माझं चुकलं." लॅपटॉप उघडून तिथंच मेल टाकला, एचआरला सीसी. साहेबांबरोबरची तिघांची बैठक शुक्रवारी ठेवलीय. चूक कबूल केली म्हणून मला त्या एकदम बऱ्या वाटायला लागल्या, हे विचित्र आहे का?

मग मी त्या दोन जुन्या सीनियरांचा विषय काढला, जो पहिल्या दिवशी टाळला होता. एक त्यातले बरे आहेत. दुसरे मीटिंगमध्ये मुद्दाम मोबाइल बघतात. बाईंनी विचारलं, "ते मोबाइल बघतात तेव्हा तुम्ही काय करता?" मी म्हटलं, काही नाही. "काही नाही म्हणजे कसं?" मग आठवलं, मी जोरात बोलायला लागतो. बाकीच्या सहा जणांवर. हे मला १९ वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं, आणि बाईंनीही सांगितलं नाही, मीच म्हणालो. परत येताना विद्यापीठ चौकात पाऊण तास अडकलो, पण या वेळी शिव्या दिल्या नाहीत.

प्रयोग असा ठरलाय: त्या सीनियरांना मीटिंगच्या आदल्या दिवशी त्यांच्या जागेवर जाऊन भेटायचं. माझ्या केबिनमध्ये बोलवायचं नाही. उद्या पहिली वेळ. पोटात गोळा आहे.

मुलीचं. रविवारी तिला क्लासला सोडताना गाडीत विचारलं, "तुला कुणाशी बोलायचंय का?" ती म्हणाली, "कशाबद्दल?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. मग मॅडमची युक्ती आठवली आणि म्हटलं, काल काय काय झालं ते सांग. गप्प. मी मनात दहा मोजले. दहानं काही झालं नाही, कर्वे पुतळ्याच्या सिग्नलला पुन्हा मोजले. मग म्हणाली, क्लासमध्ये मार्कांप्रमाणे बॅच बदलतात, ती गेल्या महिन्यात वरच्या बॅचमधून खाली आली, मैत्रिणी वरच राहिल्या. आम्हाला पत्ताच नव्हता. मी "अगं मग सांगायचं नाही का" म्हणणार होतो, जीभ चावली. क्लास आला, ती उतरली. जाताना दार नेहमीसारखं आपटलं नाही.

या रविवारी परत मीच सोडणार आहे. आता पुढे काय विचारू?

---

गेज_आणि_गप्पा | गुरुवार, सकाळी ७.१०

काही विचारू नका. गाडी जरा लांबच्या रस्त्यानं न्या. बॅच, मार्क, क्लास यातलं काही तुम्ही काढायचं नाही, तिनं काढलं तर ऐकायचं. आणि तिच्या आईला आधी सांगून ठेवा, नाहीतर घरात शिरल्या शिरल्या "काय म्हणाली?" सुरू होईल.

सीनियरांना भेटायला जाताना हातात फाइल नेऊ नका.